साखरेचा बैल आणि बाबांची खोली

१२ मे, सोमवार
आजपासून घरात नवा कायदा. ओव्हन चालू तर कूलर बंद. दोन्ही एकदम लावले की मेन स्वीच धाडकन पडतो अन् मग सगळेच बसतात वारा घेत. बाहेर पंचेचाळीस. आत किती, ते बघायची हिंमत नाही. ओव्हन हॉलमध्ये, दिवाण अन् टीव्हीच्या मधल्या फटीत. स्वयंपाकघरात मलाच धड उभं राहता येत नाही, त्याला कुठून जागा देऊ! लेक मिनू, यंदा दहावी, पाय बादलीत घालून गणितं सोडवून राहिली. नवरा ऑफिसातून आला, दारातूनच म्हणाला, "घर आहे का भट्टी?" म्हटलं, "भट्टीच आहे. बेकरी म्हणतात तिला."

सासूबाई पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेल्या. तो पुठ्ठा केकखाली ठेवायला आणला होता. मागायची सोय नाही.

१४ मे, बुधवार
लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या कोणी शब्द फिरवायला नको.

शाळा सोडली. अकरा वर्षं बालवाडी शिकवली, पुरे झालं. आता घरचे केक, बिनअंड्याचे. त्याला जागा पाहिजे, अन् जागा आहे. बाबांची, म्हणजे सासऱ्यांची समोरची खोली. ते गेल्यापासून दोन वर्षं कुलूप. रस्त्यावर दार, मोठी खिडकी, वेगळं मीटर, बाजूला नळ. अजून काय पाहिजे माणसाला? पण प्र. (प्रमोद. डायरीत नावानं, तोंडावर अहो) म्हणतो भाड्यानं देऊ. त्याच्या साहेबांचा भाचा बँकेत लागलाय, खोली शोधून राहिला. मी म्हणते मला द्या. किल्ली आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, पदराला. त्या ना त्याला हो म्हणत, ना मला. "पोळा होऊ दे. मंग पाहू." त्यांच्या माहेरी, कन्हानकडे, घरातली मोठी गोष्ट पोळ्यानंतरच ठरायची म्हणे.

खोली मिळाली नाही तर ओव्हन विकायचा अन् शाळेत परत. मोठ्या बाईंनी जागा दिवाळीपर्यंत धरून ठेवली आहे. त्यांना नाही म्हणायची संधी मला मिळालीच पाहिजे. मिळणारच.

१९ मे, सोमवार
मानेवाड्याला पहिला मोठा केक पोचवला. म्हणजे डबा पोचवला. स्कूटीवर मागे मिनू, डबा मांडीवर. अर्ध्या रस्त्यात म्हणते, "मम्मी, गुलाब चालून राहिले." थांबून बघितलं तर खरंच, क्रीमचे सगळे गुलाब एका बाजूला निघालेले, वरातीला निघाल्यासारखे. तिथं पोचेपर्यंत वाढदिवसाच्या मुलाचं नावही खाली उतरलं. त्याच्या आजींनी वाटीत घेऊन खाल्ला. म्हणाल्या, चव मस्त आहे, खीर अशीच पाहिजे!

रडले नाही. घरी येऊन ओव्हनला शिव्या घातल्या. त्याचा बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

पाऊस लागेपर्यंत क्रीम बंद. रव्याचा, खजुराचा, नानकटाई. पोचवायचं सकाळी सातच्या आत.

२ जून, सोमवार
मोठी बातमी. आईंनी केक खाल्ला.

आजवर शिवल्या नव्हत्या. संशय. "अंडं नाई म्हनते तू, मंग फुगते कायनं?" आज समोर बसवलं. दही दाखवलं, सोडा दाखवला, दोन्ही एकत्र केल्यावर फसफसलं ते दाखवलं. "एवढ्यानं?" एवढ्यानंच. मग पाट घेऊन ओव्हनच्या काचेपुढे बसल्या. सिरीयल सोडून! "पाय वं मिने, उठून राहिला थो."

पुढची गंमत अशी की, दुसरा केक आत असताना त्या अंगणात कपडे काढत होत्या. तिथून ओरडल्या, "काढ. झाला." मी म्हटलं अजून आठ मिनिटं आहेत. "तुह्या घड्याळाले नाक हाय का?" काढला. सुई घालून बघितली. नेमका झालेला! आठ मिनिटांत तळ करपला असता. आयुष्यभर गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजले त्यांनी. राखेत पुरलेला रोडगा काही उघडून बघता येत नाही, वासावरच काढायचा. मी पुस्तकं वाचून शिकले अन् हे नाक माझ्या घरात तेरा फुटांवर बसून होतं.

म्हटलं, उद्यापासून घड्याळ तुम्हीच. "मले दुसरं काम नाई का?" म्हणाल्या. पण पाट उचलला नाही.

२९ जून, रविवार
ह्या आठवड्यात नऊ केक. नऊ! एकही परत नाही, एकही खीर नाही. पाऊस पडला, क्रीम परत सुरू. मानेवाड्याच्या त्याच आजींचा फोन, लेकीच्या डोहाळजेवणाला केक पाहिजे. "ह्या वेळी ताटात खायचा पाठव."

प्र. उरलेल्या कडा खाऊन राहिला अन् वजनकाट्यावर उभा राहत नाही. पण आज संध्याकाळी टेप घेऊन बाबांच्या खोलीचं बाहेरून माप घेत होता. कशाला, विचारलं. म्हणे, भाच्याचा पलंग सहा बाय चार आहे. मी भांडी जरा जोरात घासली.

१३ जुलै, रविवार
वानखडे काका आले. आमच्या कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष, तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मैदानात बक्षिसं वाटतात ते. लाकडी बैल सजवून आणणारी पोरं यंदा शंभराच्या वर आहेत म्हणे. दरवर्षी बुंदीचे लाडू. यंदा केक पाहिजे. "असा कर वैशाली, का हुडकेश्वरभर नाव निघालं पाहिजे."

तोंडातून निघून गेलं, "बैलच करते."

काका उडालेच. "बैल? अख्खा?"

"अख्खा. शिंगांसकट."

ते गेले अन् मग माझ्या लक्षात आलं. मी आजवर केकवर ससाही केला नाही. पण प्र. समोरच होता. म्हटलं, "हा बैल मैदानात उभा राहिला तर खोली माझी. बोला." तो म्हणाला, "माझी ना नाही, पण किल्ली आईकडे आहे." आई कैऱ्या फोडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पोळा होऊ दे."

२७ जुलै, रविवार
सराव बैल क्र. १. बसलेला केला, सोपं म्हणून. वर फाँडंट. फाँडंट म्हणजे साखरेची कणीकच, लाटायची अन् अंगावर पांघरायची. मला तर बरा वाटला.

आईंनी चष्मा लावला. "हे कुत्रं होय का?"
"बैल आहे, आई."
"बसला काहून? बिमार हाय का थो? पोळ्याच्या तोरणाखाली बसलेला बैल म्या तं नाई पाह्यला. वशिंड कुठी हाय त्याचं? मान अशी असते का?"

मिनूनं त्याचं नाव मोती ठेवलं अन् फोटो मैत्रिणींना पाठवला. मोती आम्ही चहासोबत खाल्ला. चांगला होता चवीला. कुत्रा होता म्हणून कोणाला काही वाटलं नाही. (हे वाक्य पुढे कामाला येणार होतं, तेव्हा कळलं नाही. २१ ऑगस्टला खाली पेनानं लिहून राहिले.)

२ ऑगस्ट, शनिवार
आज आईंनी पदराची गाठ सोडली.

मी पिठात हात घालून उभी. त्या समोरच्या खोलीकडे गेल्या, कुलूप काढलं. दोन वर्षांनी. आत बाबांची खुर्ची, त्यांचा रेडिओ, धूळ. खिडकीतून ऊन थेट मधोमध पडत होतं, ओव्हन ठेवायचा तिथंच. मी दाराच्या बाहेरच थांबले. आत पाय टाकायची इच्छा अशी होती की काय सांगू. नाही टाकला.

फळीवरून त्यांनी प्र.चा लहानपणचा लाकडी बैल काढला. कन्हानच्या सुतारानं केलेला, पाटीला चार चाकं. पदरानं पुसला, माझ्यापुढे ठेवला अन् परत कुलूप.

"हे पाय. बैल असा उभा राह्यते. पुढचे पाय सरळ. वशिंड मानेच्या मागं. पोट लटकलेलं नाई पायजे, खाऊन-पिऊन सुखी पायजे." मग माझ्या हातातला गोळा घेतला अन् दोन मिनिटांत नुसत्या अंगठ्यानं बैलाची मान काढून दिली. त्या माझ्या सासूबाई! ह्यांना मी वीस वर्षं फक्त पापड लाटताना बघितलं.

१० ऑगस्ट, रविवार
सराव बैल क्र. ३ उभा! चार पायांत चार लाकडी दांडे, वर पाटी, पाटीवर केक. एक तास उभा होता. मग प्र.नं पंखा पाचवर केला अन् शेपूट गेलं. बाकी साबूत.

चाकंही करणार. तान्ह्या पोळ्याचा बैल चाकांवरच पाहिजे.

१९ ऑगस्ट, मंगळवार
खरा बैल सुरू. शिंगं चार दिवसांपासून वाळताहेत, हात लावला तर टणक. पाच केक भाजले. पाचही आईंच्या नाकावर.

जुना फ्रीज आणलाय, मोठा, एका हॉटेलवाल्यानं काढलेला. हॉलमध्ये आता फ्रीज, ओव्हन, दिवाण अन् चार माणसं. टीव्ही बघायचा तर मिनूला फ्रीजच्या मागून मान काढावी लागते.

२० ऑगस्ट, बुधवार
झाला. पांढराशुभ्र. काळे डोळे, गुलाबी नाकपुड्या, लाल झूल, कपाळावर रंगीत गोंड्यांची मठाटी. फ्रीजच्या सगळ्या जाळ्या काढून आत उभा केला. दार उघडलं की आतला दिवा लागतो अन् हा बघतो आपल्याकडे. मी सात वेळा दार उघडलं. प्र.नं नऊ वेळा.

एवढं चांगलं मी आयुष्यात काही केलं नाही. लिहायला लाज वाटायला पाहिजे, पण नाही वाटत.

२१ ऑगस्ट, गुरुवार
सकाळी जरीपटक्याच्या बाजारात गेले. झुलीला सोनेरी मणी अन् केकखाली ठेवायला मोठा बोर्ड. दुकानदारभाऊ फोटो बघून म्हणाले, "कमाल है मॅडम, ये तो बोलेगा अभी." हवेत तरंगत घरी आले.

हॉलमध्ये फ्रीजचं दार सताड उघडं. आई स्टुलावर. एका हातात वाटी, तूप-हळदीची. दुसऱ्या हातात पळसाचं पान. बैलाच्या दोन्ही खांद्यांवर पिवळे पट्टे, बोटभर रुंद, अन् त्या अगदी गावातल्यासारख्या म्हणून राहिल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

खांदे शेकले त्यांनी. पोळ्याच्या आदल्या दिवशी वर्षभर जू ओढणाऱ्या बैलाचे शेकतात तसे. माझ्या केकचे.

ओरडले मी. काय ओरडले ते लिहिणार नव्हते, पण लिहिते. "तुम्हाला खोली द्यायची नाही ना? मग तोंडानं सांगा. माझं काम कशाला नासवता?" असं म्हटलं. फडक्यानं पुसायला गेले तर डाग दुप्पट.

आई स्टुलावरून उतरल्या. "म्या काय नासवलं वं? खांद शेकल्याबिगर बैल पोळ्यात जाते का?" वाटी धुतली, पालथी घातली, आपल्या पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड केलं.

मी फ्रीजसमोर फरशीवर बसले. मिनू शाळेतून आली, तिनं बैल बघितला, आजीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "मम्मी, आजीनं ह्याला जेवायला बोलावलं. अन् आपण परवा ह्याला कापणार?"

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

प्र. आल्या आल्या त्याच्या हातात सुरी दिली. हा माणूस मे महिन्यापासून केकवर जगून राहिला. "कापा. एक तुकडा. मागून." सुरी घेऊन उभा राहिला. खाली ठेवली. "नाही होणार माझ्यानं. खांदे शेकलेत त्याचे."
"अन् शेकले नसते तर?"
विचार केला खरा. "तरी नाही. पोळ्याचा बैल आहे वैशाली. त्याच्यावर सुरी कोण चालवेल?"

वानखडे काकांना फोन. "काका, बैल कापायला कोणाला बोलावलंय?" पलीकडून, "कापायचा? अरे बाप्पा! मी तं हे डोक्यातच आणलं नाही!"

जुलैपासून. मी नाही, काका नाही, प्र. नाही. कोणाच्या डोक्यात आलं नाही. परवा शंभर पोरं, त्यांचे आईबाप, मधोमध माझा बैल, अन् सुरी हातात घ्यायला एक माणूस पुढे आला नसता. चांगलंच नाव निघालं असतं हुडकेश्वरभर.

आईंच्या पलंगाशी जाऊन बसले. म्हटलं चुकलं माझं, खूप चुकलं. विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, कोणी कापणार नाही म्हणून? मग बोलल्या काहून नाही?"

त्या उठून बसल्या. खरंच चकित. "मले वाटलं तू ठेवाले करून राहिली. कापाले बैल कोन करते?"

मी हसले की रडले, सांगता येत नाही. दोन्ही असेल. त्यांनी माझ्या केसातलं पीठ झाडलं. मग म्हणाल्या, "बंडी कर. बैलाची बंडी, कापसानं भरेल. पोरं कापूस खातीन, बैल पाहतीन."

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा
पुरण अन् केक एकाच वेळी. एका शेगडीवर डाळ, हॉलमध्ये ओव्हन. प्र.ला सुट्टी, त्याला पुरण वाटायला बसवलं. दुपारपर्यंत सहा केक. त्यांची बंडी, म्हणजे बैलगाडी. बाजू चॉकलेटच्या, चाकं गोल बिस्किटांची, वर कापूस म्हणून क्रीमचा डोंगर. कापसाला गुलाब लागत नाहीत, पाकळ्या लागत नाहीत, चमच्यानं थापला की कापूस! मिनूनं एकटीनं थापला. ह्या घरात आजवरचं सगळ्यात सोपं क्रीम.

मी बंडीचं जू बैलाच्या मानेवर ठेवायला गेले. आई धावल्या. "हां हां! पोळ्याले बैल जुपते का कोनी?"
"आई, उद्या तान्हा पोळा आहे. पोळा आजच."
"त्याचा पोळा उद्याच हाय. त्याची सुट्टी हाय."

पुन्हा चिडणार होते. तोंड उघडलंही. मिटलं. काल शिकले ना. विचारलं, मग कसं ठेवू? त्यांनीच सांगितलं. बंडी उभी, जू जमिनीवर टेकलेलं, बैल बाजूला मोकळा, समोर हिरवा चारा. सुट्टीवरचा बैल. चारा मी पिस्त्याचा केला.

पुरणपोळीचा पहिला नैवेद्य आईंनी फ्रीजमध्ये नेऊन ठेवला. आवतन दिलं होतं ना.

२३ ऑगस्ट, शनिवार. तान्हा पोळा
कुठून सुरू करू!

सकाळी शहरात मारबतीची मिरवणूक निघाली, आमच्याकडे कोणाला बघायला वेळ होता? दुपारी वानखडे काकांची गाडी आली. बैल प्र.च्या मांडीवर, बंडी माझ्या अन् मिनूच्या मध्ये. वीसच्या पुढे काटा जाऊ दिला नाही. आई नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर. प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला, "भाऊ, आत बैल हाय."

मैदानात तोरण. लाकडी बैल घेतलेली पोरं. कोणी शेतकरी झालेलं, कोणाला पेन्सिलीच्या मिशा. टेबलावरचा कपडा काढला अन् एकदम गलका. पोरं टेबलावर चढायला लागली. "खरा हाय का?" "चाटून पाय!" "ए, त्याले हात नको लावू बे!"

मग एक आजोबा आले काठी टेकत. बैलाभोवती पूर्ण फिरले. खांद्यापाशी वाकले, ते दोन पिवळे डाग बघितले. मी म्हणणार होते, माफ करा, ते चुकून झालं.

त्यांनी मागे वळून हाक मारली, "अबे, या इकडे! खांदे शेकले ह्याचे! कोनं शेकले?"

मग सगळे म्हातारे आले. एकेक वाकून बघतो, मान हलवतो. झूल कोणी बघितली नाही. सोनेरी मणी, ज्यांच्यासाठी मी जरीपटका गाठलं, ते कोणी बघितले नाहीत. डाग! डागाचे फोटो काढत होते लोक. एका बाईनं तर बैलाला हळद-कुंकू लावलं अन् मी तिला थांबवलं नाही.

काका माईकवर, "आपल्या वैशालीताईंनी केलं बरं का हे!" टाळ्या. मी हात जोडून उभी. तेवढ्यात आईंनी माईक ओढला. आयुष्यात पहिल्यांदा माईक हातात, अन् एवढ्या जोरात बोलल्या की कर्णा किंचाळला. "सून माही हाय. खांदे म्या शेकले."

बंडीची चाकंसुद्धा उरली नाहीत. कापूस पहिल्या दहा मिनिटांत गेला. एक पोरगी चारा खाऊन परत आली अन् विचारते, अजून गवत आहे का?

बैल घरी परत. साबूत.

२४ ऑगस्ट, रविवार
सकाळपासून सतरा फोन. सतरा! मिनू वहीत लिहून थकली. मोदक, पेढ्याचा केक, बेसनाचा केक, एका मंडळाला प्रसादाचे तीनशे छोटे केक. अन् एक ताई, फार उत्साहात, "बैलासारखाच गणपती करून द्याल का? दोन किलोचा?"

म्हटलं, "ताई, देईन हो. पण गणपती कापणार कोण?"

मग त्यांनी मोदकांवर भागवलं.

अडचण एकच. फ्रीजमध्ये बैल. सगळ्या जाळ्या काढलेल्या, अख्खा फ्रीज त्याचा. माल ठेवू कुठं? कापायचा नाही हे ठरलंच. प्र. म्हणाला विसर्जन करू, मिनू दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार
आज तो भाचा येणार होता खोली बघायला, संध्याकाळी सहाला. प्र.नं साहेबांना हो म्हणून टाकलेलं. केव्हा? शुक्रवारी. पुरण वाटता वाटता फोनवर! माझ्याशी बोलायचं राहून गेलं म्हणे.

मैदानात एवढं झालं, अन् आता हे. ओव्हन पुसत बसले. मोठ्या बाईंना काय सांगायचं ते मनात जुळवून राहिले. जुळेना.

आई आल्या. फ्रीज उघडला, बैलाकडे बघितलं. "घुसमटून राहिला बिचारा." मग पदराची गाठ सोडली. किल्ली माझ्या हातात नाही दिली. प्र.च्या हातात दिली.

"उघड. बाबांची खुर्ची माह्या खोलीत आन. रेडिओ बी. फ्रीज तिकडं ने अन् वैशालीचा ओव्हन बी."
"आई, अगं, मी त्या पोरासाठी हो म्हटलंय."
"पोळा झाला ना? म्या म्हटलं होतं पोळ्यानंतर सांगीन. हे सांगून राहिली. घरात बैल आला, त्याले गोठा लागते का नाई?"
"पण तो निघाला असेल! त्याला काय सांगू?"
"सांग, खोलीत बैल बांधला हाय."

पाच वाजले तेव्हा आम्ही चौघं फ्रीज ढकलून राहिलो होतो. दाराच्या उंबऱ्यावर अडकला. आईंनी मागून खांदा लावला, सत्तराव्या वर्षी, अन् फ्रीज आत गेला. ऊन अजून खिडकीत होतं. ओव्हन तिथं ठेवला जिथं मी दोन ऑगस्टला मनात ठेवला होता. कूलर अन् ओव्हन दोन्ही सोबत लावले. मेन स्वीच पडला नाही. मी खुर्चीच्या जागी उभी राहून बाबांना म्हटलं, घेते हं. मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांसमोर.

पावणेसहा. बैल फ्रीजमधून निघून बाबांच्या फळीवर, फ्रीज मालाला मोकळा. नानकटाईचा पहिला ट्रे आत आहे. आई ओव्हनसमोर पाट टाकून बसल्यात. प्र. फोन घेऊन गच्चीवर गेलाय. बाहेर रस्त्यावर एक मोटरसायकल थांबली, मुलगा हेल्मेट काढून घराचा नंबर बघून राहिला.

प्र. अजून खाली आला नाही.